चिठ्ठीवर काय लिहिलं होतं?

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा, छपाईसाठी थोडा सावरलेला मजकूर)



मी पॅथॉलॉजिस्ट. डॉक्टरांच्या जमातीत आमची बसण्याची जागा मागच्या खोलीत. पेशंटला आमचा चेहरा दिसत नाही, रिपोर्टखालची सही तेवढी दिसते. आयोजकांनी ‘सोप्या भाषेत आरोग्यावर काहीतरी बोला’ असं सुचवलं होतं, ते मी नम्रपणे बाजूला ठेवलं आहे. आहार, व्यायाम आणि मनःशांती यांवर बोलणारे पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा बरं बोलतात. मला बोलायचं आहे ते अशा गोष्टीवर, जी पेशंटसमोर सहसा घडत नाही, पण त्याचं बरंवाईट पुष्कळदा तिथेच ठरतं. एक डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरला तिसऱ्याच माणसाचा रिपोर्ट सांगतो, ती गोष्ट.

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या डॉक्टरांचे पेशंट आमच्या लॅबमध्ये येत. तपासणीच्या चिठ्ठीवर आजकाल छापील नावांपुढे बरोबरच्या खुणा असतात, सीबीसी, विडाल, मलेरिया, आणि पेशंटची माहिती लिहायची ओळ कोरी असते. फार तर तिथे ‘ताप’ असतं. डॉक्टरांची चिठ्ठी तशी नसे. त्यावर चार ओळी असत, साधारण अशा: नऊ दिवस ताप, संध्याकाळी चढतो. प्लीहा बोटभर हाताला लागते. मलेरियाच्या गोळ्या गावातच घेऊन आलाय. मला टायफॉइड वाटतो, पण खात्री नाही.

पहिल्या दोन ओळी चांगला डॉक्टर लिहितोच. तिसरी ओळ लिहिणारे कमी. ती वाचली की आम्हाला कळायचं, की स्लाइडवर मलेरियाचे जंतू दिसले नाहीत तर त्याचा अर्थ ‘मलेरिया नव्हता’ असा लगेच घ्यायचा नाही. चौथी ओळ मात्र जवळजवळ कुणीच लिहीत नाही. रिपोर्ट येण्याआधी आपल्याला काय वाटत होतं आणि किती खात्रीने वाटत होतं, हे सहकाऱ्याला सांगण्याची आपल्याकडे पद्धत नाही. माझं आजचं सगळं बोलणं त्या चौथ्या ओळीबद्दल आहे.

थोडं गणित आधी उरकून घेऊ. १९७८ साली हार्वर्डच्या डॉक्टरांच्या वर्तुळात कॅसेल्स आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ६० जणांना एक प्रश्न विचारला. त्यात विद्यार्थी होते, रेसिडेंट होते आणि मुरलेले डॉक्टरही होते. एक आजार हजारात एकाला असतो. त्याच्या तपासणीत निरोगी माणसांपैकी ५ टक्के लोकांचा रिपोर्ट चुकून पॉझिटिव्ह येतो. एका माणसाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आहे, त्याच्याबद्दल दुसरं काहीही माहीत नाही. त्याला तो आजार असण्याची शक्यता किती? सर्वाधिक लोकांनी दिलेलं उत्तर होतं ९५ टक्के. बरोबर उत्तर आहे सुमारे २ टक्के. ते ६० पैकी ११ जणांना आलं.

टक्के सोडून माणसं मोजली की हे सुटतं. गर्ड गिगेरेन्झर हे जर्मन मानसशास्त्रज्ञ अनेक वर्षं हेच सांगत आले आहेत. हजार माणसं उभी करा. एक खरा आजारी. उरलेल्या ९९९ मधले ५ टक्के, म्हणजे पन्नास जण, विनाकारण पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह एक्कावन्न, त्यांत खरा एक. आता तीच तपासणी अशा हजार माणसांवर करा, ज्यांच्याबद्दल डॉक्टरला तपासूनच अर्धीअधिक शंका आली आहे. समजा, त्यांतले पाचशे खरोखर आजारी आहेत आणि तपासणी त्या सगळ्यांना पकडते. उरलेल्या पाचशेंतले पंचवीस खोटे पॉझिटिव्ह. म्हणजे ५२५ पैकी ५०० खरे, शंभराला पंचाण्णव. मशीन तेच, छापील शब्द तोच, आणि अर्थ एकदा २ टक्के, एकदा ९५ टक्के. फरक कुठे पडला? तपासणी मागवणाऱ्याच्या डोक्यात आधी काय होतं, तिथे. आणि नेमकं तेच रिपोर्टवर छापलेलं नसतं.

हे हार्वर्डचं म्हणून सोडून देऊ नका. फर्नांद विडाल यांनी १८९६ साली टायफॉइडची जी रक्ततपासणी सांगितली, ती आपल्याकडे अजून रोज हजारो वेळा होते. जिथे टायफॉइड घरोघरी होऊन गेलेला असतो, तिथे धडधाकट माणसाच्या रक्तातही त्याच्या अँटिबॉडी सापडतात. दुसऱ्याच तापात त्या वाढलेल्याही दिसू शकतात. एकट्या नमुन्याच्या टायटरवरून, म्हणजे अँटिबॉडीच्या प्रमाणावरून, निदान करू नये, आठवडा-दहा दिवसांनी दुसरा नमुना घेऊन चौपट वाढ दिसते का ते पाहावं, किंवा त्यापेक्षा अँटिबायोटिक सुरू करण्याआधी रक्ताचं कल्चर लावावं, हे पुस्तकात आहे आणि परीक्षेत सगळे लिहितात. ओपीडीत मात्र ‘विडाल पॉझिटिव्ह आली, टायफॉइड निघाला’ एवढ्यावर काम भागतं. पुढच्या डॉक्टरकडे पेशंट जातो तेव्हा ‘टायफॉइड होऊन गेलेला’ म्हणूनच जातो. एका वाक्याने रिपोर्टचं निदान झालं आणि निदानाचा इतिहास झाला. क्षयाच्या बाबतीत तर सरकारला मध्ये पडावं लागलं. रक्तातल्या अँटिबॉडीवरून क्षय ओळखणाऱ्या तपासण्या विश्वासार्ह नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये स्पष्ट सांगितलं आणि २०१२ मध्ये भारताने त्यांवर बंदी घातली. तोवर त्या रिपोर्टांवर लोकांनी महिनोन्‌महिने गोळ्या खाल्ल्या होत्या आणि खऱ्या क्षयरोग्यांतल्या काहींना ‘निगेटिव्ह’ म्हणून घरी पाठवलं गेलं होतं.

संपूर्ण शरीराच्या तपासणीची पॅकेजं घेणाऱ्यांसाठी एक वाक्य जाता जाता. नॉर्मलची मर्यादा साधारणपणे अशी आखलेली असते, की निरोगी शंभर माणसांतली पंचाण्णव तिच्या आत बसावीत. मग एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या तर पूर्ण निरोगी माणसाचाही निदान एक आकडा बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के होते. मर्यादेबाहेरचा आकडा ठळक अक्षरांत छापला जातो, त्यापुढे बाण असतो, आणि तो बाण घेऊन माणूस स्पेशालिस्टच्या दारात उभा राहतो.

आता आत, वॉर्डात जाऊ. सकाळी आठचा राउंड आहे. रेसिडेंट खाटेच्या पायथ्याशी उभा आहे, हातात केसपेपर, रात्रभर झोप नाही. तो म्हणतो, ‘सर, पेशंट थ्रॉम्बोसायटोपेनिक आहे, प्लेटलेट अठरा हजार.’ तुमच्याआमच्या भाषेत पेशी कमी झाल्यात. पावसाळ्यात हे वाक्य ऐकलं की घरातल्यांच्या पोटात गोळा येतो आणि रक्तपेढीकडे धावपळ सुरू होते.

या वाक्यात काय सांगितलं आणि काय गिळलं ते पाहू. ‘अठरा हजार’ हे मशीनने मोजलं. जांभळ्या टोपणाच्या बल्बमध्ये रक्त गोठू नये म्हणून जे रसायन असतं, त्यामुळे काही माणसांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात. मशीनला तो पुंजका एक मोठी पेशी वाटतो आणि प्लेटलेटच्या हिशेबातून तो सुटतो. माणसाच्या अंगात दोन लाख, बल्बमध्ये अठरा हजार. स्लाइड करून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की कडेला पुंजके दिसतात. निळ्या टोपणाच्या सायट्रेटच्या बल्बमध्ये पुन्हा रक्त घेतलं की बहुतेक वेळा आकडा सरळ होतो. म्हणून सांगणाऱ्याने म्हणायला हवं ते असं: ‘मशीनचा आकडा अठरा हजार आहे, स्लाइड अजून पाहिलेली नाही, अंगावर कुठे लाल ठिपके नाहीत, हिरड्यांतून रक्त नाही, तापाचा दुसरा दिवस.’ एवढ्यावर ऐकणाऱ्याचं डोकं चालू लागतं. ‘थ्रॉम्बोसायटोपेनिक आहे’ म्हटलं की ते बंद होतं, कारण त्या वाक्यात निष्कर्ष आधीच बसलेला आहे.

पोटॅशियमचंही तसंच. सुई बारीक होती, शीर मिळत नव्हती, सिरिंज जोरात ओढली, लाल पेशी फुटल्या, आतलं पोटॅशियम बाहेर आलं आणि रिपोर्ट साडेसहा. साडेसहा खरा असेल तर हृदय थांबू शकतं. खोटा असेल आणि तुम्ही उतरवायची औषधं दिलीत, तर निरोगी माणसाला आजारी केलंत. किंवा ज्या हाताला सलाइन चालू आहे त्याच हातातून वरच्या बाजूने रक्त घेतलं, आणि साखर, सोडियम, हिमोग्लोबिन सगळंच भलतं आलं. लॅबमधला अनुभवी तंत्रज्ञ सीरमचा रंग पाहून फुटलेल्या पेशी ओळखतो, सलाइनचा घोळ आकड्यांच्या जोडीवरून ओळखतो. त्याला ते सांगायची सोय हवी आणि त्याचं ऐकून घेणारा वॉर्डात हवा. जिवावर बेतणारा आकडा लॅबने लगेच फोन करून कळवलाच पाहिजे, ही पद्धत जॉर्ज लुंडबर्ग यांनी लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात बसवली आणि १९७२ मध्ये त्याबद्दल लिहिलं. आता ती सर्वत्र आहे. ऐकणाऱ्याने आकडा परत म्हणून दाखवायचा, हा तिच्यातला नियम मला फार आवडतो. पण फोनवरून फक्त आकडा गेला आणि ‘सीरम लालसर होतं’ हे गेलं नाही, तर नियम पाळूनही काम अर्धंच झालं.

मुलं परदेशात असलेल्या घरांसाठी एक कंस. इंग्लंडमधला मुलगा फोनवर विचारतो, ‘बाबांची साखर किती?’ इकडून उत्तर जातं, १२६. तो घाबरतो, कारण तिकडे ७ वगैरे आकडे असतात. दोन्ही एकच आहेत. तिकडचा आकडा १८ ने गुणला की इकडचा येतो. तेव्हा एकक सांगा. आकडा एककाशिवाय सांगणाऱ्या डॉक्टरांनाही हेच लागू.

आता माझ्याच म्हणण्याविरुद्धचा मोठा आक्षेप मला मांडायला हवा, कारण समोर बसलेल्या काही डॉक्टरांच्या चेहऱ्यावर तो मला दिसतो आहे. चिठ्ठीवर ‘मला टायफॉइड वाटतो’ असं लिहिलं, तर तपासणारा टायफॉइडच शोधणार नाही का?

शोधेल. माणसाचा डोळा कॅमेरा नाही, याचा पुरावा जुना आहे. अमेरिकेत क्षय शोधण्यासाठी छातीचे एक्स-रे सामूहिक प्रमाणावर काढायचे होते, तेव्हा कोणत्या आकाराची फिल्म चांगली हे ठरवण्यासाठी दुसऱ्या महायुद्धानंतर एक अभ्यास झाला. बाराशेहून अधिक माणसं, प्रत्येकाच्या चार प्रकारच्या फिल्म, वाचणारे पाच तज्ज्ञ. निघालं ते भलतंच. फिल्मफिल्ममध्ये जेवढा फरक होता त्याहून जास्त फरक वाचणाऱ्यांमध्ये होता, आणि तोच तज्ज्ञ तीच फिल्म पुन्हा वाचताना स्वतःशीही सहमत होत नव्हता. या अभ्यासातले संख्याशास्त्रज्ञ जेकब येरुशाल्मी यांनी १९४७ मध्ये त्यावरून जी मांडणी केली, तिच्यातूनच तपासणीची ‘सेन्सिटिव्हिटी’ आणि ‘स्पेसिफिसिटी’ ही जोडी वैद्यकात रूढ झाली. म्हणजे आज प्रत्येक किटच्या खोक्यावर जे टक्के छापतात, त्यांचा उगम यंत्राच्या दोषात नाही, वाचणाऱ्या तज्ज्ञांच्या मतभेदात आहे. हे विद्यार्थ्यांना सांगितलं की ते हसतात, मग गप्प होतात.

त्याहून मजेशीर प्रयोग २०१३ चा. बोस्टनमधल्या संशोधकांनी २४ रेडिऑलॉजिस्टना फुफ्फुसाचे सीटी स्कॅन दिले आणि त्यांतल्या बारीक गाठी शोधायला सांगितलं. एका स्कॅनमध्ये त्यांनी गोरिलाचं चित्र घुसडून दिलं होतं, सरासरी गाठीच्या ४८ पट मोठं. २० जणांना तो गोरिला दिसला नाही. डोळ्यांच्या हालचाली टिपल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच जणांची नजर थेट त्याच्यावर जाऊन आली होती. गाठी शोधायला सांगितलं होतं, त्यांनी गाठी शोधल्या.

तेव्हा आक्षेप खरा आहे. त्यावर काहीजण म्हणतात, की तपासणाऱ्याला काहीच सांगू नका, कोरी चिठ्ठी द्या. हे मला मान्य नाही. काहीच न सांगितलेला माणूस निःपक्षपाती होत नाही, तो आपल्या मनाने एक पेशंट बनवतो आणि त्याचा रिपोर्ट देतो. उपाय क्रमात आहे. आमच्या लॅबमध्ये आम्ही स्लाइड आधी चिठ्ठी न वाचता, कमी भिंगाखाली, पूर्ण फिरवून पाहत असू. काय दिसलं ते दोन ओळींत टिपायचं. मग चिठ्ठी वाचायची. मग पुन्हा स्लाइड पाहायची, या वेळी प्रश्न घेऊन. दोन वेळच्या नोंदी जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवायच्या, पहिली खोडायची नाही. सहकाऱ्यांसमोर मांडतानाही हाच क्रम मला योग्य वाटतो. काय दिसलं. का पाहिलं. मला काय वाटतं. यांतल्या शेवटच्याने सुरुवात केली, की पहिल्या दोन्ही त्याच्या सोयीने सांगितल्या जातात. खोटं कुणी बोलत नाही. जुळणारे आकडे आधी येतात, न जुळणारे ‘बाकी सगळं ठीक’ या तीन शब्दांत जातात.

शब्दांची मांडणी डॉक्टरांनाही फसवते, याबद्दल शंका असेल तर १९८२ चा एक प्रसिद्ध अभ्यास आहे. त्यात मानसशास्त्रज्ञ ॲमॉस ट्वर्स्की होते. फुफ्फुसाच्या कॅन्सरवर शस्त्रक्रिया की रेडिएशन, हा पर्याय लोकांपुढे दोन तऱ्हांनी ठेवला. एकीकडे शस्त्रक्रियेनंतर शंभरातले नव्वद वाचतात, दुसरीकडे शंभरातले दहा दगावतात. आकडा एकच. ‘दगावतात’ ऐकलेल्यांमध्ये शस्त्रक्रिया निवडणारे घटले, आणि त्या गटांत रोजचा धंदाच आकडे वाचण्याचा असलेले डॉक्टरही होते.

हे सगळं शिकवण्याची एक जुनी, उत्तम रीत वैद्यकात आहे. वॉल्टर कॅनन हार्वर्डमध्ये विद्यार्थी होता तेव्हा त्याच्या खोलीत कायद्याचा विद्यार्थी राहत असे. तो आणि त्याचे मित्र खटल्यांवर तासन्‌तास तावातावाने वाद घालताना कॅनन ऐकायचा आणि वैद्यकाची व्याख्यानं किती रटाळ आहेत हे त्याला जाणवायचं. १९०० साली त्याने लिहिलं, की वैद्यकही असंच खऱ्या केसवरून शिकवावं. ते रिचर्ड कॅबट यांनी उचललं. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये १९१० च्या सुमारास त्यांनी सभा सुरू केल्या. एका डॉक्टरला पेशंटची हकिगत आणि तपासण्या द्यायच्या, शेवटचं उत्तर द्यायचं नाही. त्याने सगळ्यांसमोर मोठ्याने विचार करायचा, आपलं निदान सांगायचं. मग पॅथॉलॉजिस्ट उठून शवविच्छेदनात काय सापडलं ते सांगणार. पुढे या सभा बोस्टनच्या वैद्यकीय नियतकालिकात छापल्या जाऊ लागल्या. त्याच नियतकालिकाचं नाव १९२८ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ झालं आणि त्या केसेस आजही तिथे छापून येतात. याच कॅबट यांनी १९१२ मध्ये तीन हजार शवविच्छेदनं आणि त्या पेशंटांची जिवंतपणीची निदानं समोरासमोर ठेवून आपल्याच लोकांच्या चुका जाहीर केल्या. ते सहकाऱ्यांना किती रुचलं असेल याची कल्पना तुम्ही करू शकता.

आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांतही या सभा होतात. त्यांना ‘सीपीसी’ म्हणतात. मी अनेक वर्षं त्यांत शेवटी उठणाऱ्या बाईची भूमिका केली आहे आणि मला त्या मनापासून आवडतात. तरी एक खोट सांगते. तिथे दिलेली प्रत्येक तपासणी कुणीतरी निवडून दिलेली असते, त्यामुळे ऐकणारा आजार ओळखण्याऐवजी केस निवडणाऱ्याचं मन ओळखतो. ‘कॅल्शियम कशाला सांगितलं असेल? म्हणजे त्यातच काहीतरी आहे.’ वॉर्डात असं कुणी निवडून देत नाही. तिथे शंभर आकडे येतात आणि नव्वदांचा प्रश्नाशी काही संबंध नसतो. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगायची, की तुमचं निदान चुकलं तर चालेल, पण कोणता रिपोर्ट उलटा आला असता तर तुम्ही मत बदललं असतं, ते आधी सांगा. हे ज्याला सांगता येत नाही, त्याने तपासणी सवयीने मागवलेली असते.

कोविडच्या काळात आख्ख्या महाराष्ट्राने ही सीपीसी नकळत केली आणि बिनचिठ्ठीची केली. ‘स्कोअर किती?’ हा प्रश्न आठवतो ना? पुण्यात, नाशकात, नागपुरात, गावोगावी बेड मागताना लोक आधी एचआरसीटीचा स्कोअर सांगत. फुफ्फुसाचे पाच भाग, प्रत्येकाला पाचपैकी गुण, एकूण पंचवीस. दुसरी एक पद्धत चाळीसपैकी मोजते. तेव्हा नुसतं ‘बारा’ म्हटल्याने काय कळणार? त्यात ऑक्सिजन किती, आजाराचा कितवा दिवस, वय काय, दम लागतो का, यांतलं काहीच नव्हतं. आरटीपीसीआरच्या सीटी व्हॅल्यूचं तर उलटंच झालं. ती जितकी कमी, तितका विषाणू जास्त. पण स्वॅब नीट घेतला नाही तरी आकडा बदलतो. तिच्यावरून आजाराची तीव्रता ठरवू नका, असं आयसीएमआरने २०२० मध्येच सांगितलं होतं. तरी आकडे फिरत राहिले, आणि हे निव्वळ लोकांच्या अज्ञानाने झालं असं म्हणणं सोयीचं आहे. एका रुग्णालयातून दुसऱ्याला फोन लागे तेव्हा पलीकडून डॉक्टरही आधी तोच आकडा विचारत. खाटा कमी होत्या, दिवसाला शेकडो फोन होते, एका आकड्यात माणूस बसवणं भाग होतं, हे मला समजतं. ती सवय पुढे चिकटून राहिली, ते समजत नाही.

आज ही मांडणी मोबाईलवर होते. डॉक्टरांच्या ग्रुपवर संध्याकाळी फोटो येतो. सीटीची एक फिल्म, खिडकीच्या काचेवर धरून काढलेली, कोपऱ्यात पेशंटचं पूर्ण नाव, खाली तीन शब्द: ‘ओपिनियन प्लीज, सर.’ दोन मिनिटांत पाच उत्तरं येतात. पहिलं उत्तर ज्येष्ठ माणसाचं असेल तर पुढची चार त्याच्यासारखीच असतात. मी उत्तर देत नाही. वय, हकिगत आणि तुम्हाला काय वाटतं ते लिहा, नाव झाका, मग बोलू, असं म्हणते. यामुळे मी खडूस म्हणून प्रसिद्ध आहे. पेशंटचं नाव न झाकण्याबद्दल मात्र मी खरोखर चिडते. त्याने आपलं शरीर आपल्या डॉक्टरला दाखवलं आहे, शेकडो अनोळखी लोकांना नाही.

आणि आता मला सगळ्यात आवडणारी हकिगत, ती आपल्या मुंबईची. १९५२ साली केईएम रुग्णालयात य. मो. भेंडे आणि त्यांचे सहकारी देशपांडे व भाटिया यांच्यापुढे एक पेच होता. रक्तगट दोन बाजूंनी तपासतात. एकदा माणसाच्या लाल पेशी घेऊन ओळखीच्या सीरमशी, आणि उलट त्या माणसाचं सीरम घेऊन ओळखीच्या पेशींशी. दोन्ही उत्तरं जुळली पाहिजेत. त्यांनी तपासलेल्या काही माणसांच्या पेशी ना ‘ए’च्या सीरमशी गोळा होत होत्या ना ‘बी’च्या. म्हणजे गट ओ. पण त्यांचं सीरम ओ गटाच्या पेशींनाही गोळा करत होतं. ओ गटाच्या माणसाने ओ गटाचं रक्त नाकारावं, असा गट पुस्तकात नव्हता.

असा रिपोर्ट समोर आला की सगळ्यात सोपं काय असतं, ते लॅबमध्ये काम केलेल्यांना ठाऊक आहे. सीरम जुनं असेल, काचनळी नीट धुतली नसेल, थंडीने पेशी गोळा झाल्या असतील. पेशींची बाजू खरी धरायची, ‘ओ’ लिहायचं, आणि पुढच्या नमुन्याकडे वळायचं. या मंडळींनी न जुळणाऱ्या दोन्ही बाजू तशाच ठेवल्या. लंडनला रेस आणि सँगर ही रक्तगटांवर काम करणारी जोडी होती, आणि लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये मॉर्गन आणि वॉटकिन्स. या सगळ्यांनी मिळून लिहिलेल्या लेखाने १९५२ च्या ‘लॅन्सेट’मध्ये हा नवा प्रकार जगापुढे ठेवला. शीर्षकात ‘नवा’ हा शब्द अवतरणचिन्हांत होता. एवढी सावधगिरी मला फार आवडते.

पुढे कोडं उलगडलं. ए आणि बी ज्याच्यावर बांधले जातात तो एच नावाचा पाया बहुतेक सगळ्यांच्या पेशींवर असतो, ओ गटाच्या पेशींवर तर भरपूर. या माणसांत तो पायाच नसतो, म्हणून त्यांच्या रक्तात एचविरुद्धही अँटिबॉडी असतात. त्यांना चालतं ते फक्त त्यांच्यासारख्याच माणसाचं रक्त. जगाने याला ‘बॉम्बे’ गट म्हटलं. आपल्याकडे ढोबळमानाने दहा हजारांत एक असं प्रमाण सांगतात, युरोपात तो फारच विरळा. शहराचं नाव बदललं, गटाचं राहिलं.

आजही जिथे घाईत पेशींची एकच बाजू तपासून कार्ड दिलं जातं, तिथे अशा माणसाच्या कार्डावर ‘ओ पॉझिटिव्ह’ लिहिलेलं असतं आणि तो ते वर्षानुवर्षं पाकिटात घेऊन हिंडतो. रक्तपेढीत काम करणारे कुणी इथे असतील तर त्यांना मी सीरमची बाजू का सोडू नये हे सांगायची गरज नाही. इतरांनी आपलं कार्ड कुठे आणि कसं तपासून मिळालं ते आठवून पाहावं.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं आहे. प्रश्न जरूर विचारा. पहिल्या दोन रांगांत मला तीन-चार प्लास्टिकच्या फाईली दिसताहेत. त्या आत ठेवा. तुम्हाला तपासलेलं नाही, तुमच्या डॉक्टरांना काय वाटलं होतं ते मला माहीत नाही, आणि गेला तासभर मी काय बोलले ते तुम्ही ऐकलंय.